मक्याच्या पिठावर

ऑस्टिन, टेक्सास
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय एमिलदादा,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण रविवारी तिने जर्दाळू भरलेले कोलाची पाव भाजले आणि सगळ्या बँडला पुरवले. तुझ्या गाई कशा आहेत?

त्या शनिवारी आपल्या गावच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवलं ते सगळं रेकॉर्डवर येतंय. बाबांच्या आवडीची जुनी नाचाची गाणी आणि माझी स्वतःची. ध्वनिमुद्रणाला आलेला डेझमंड शहरातला. पहिल्याच वॉल्ट्झला त्याने टेप थांबवली.

"बाई, मशीन बिघडलंय. सारखं खसखसतंय."

"मशीन नाही, पीठ आहे ते. नाचताना बूट घसरावेत म्हणून जमिनीवर मक्याचं पीठ टाकतात."

"मग खाता काय तुम्ही?"

स्टील गिटारवाला ओटिस अजून हसतोय.

मी पाठवलेली कच्ची टेप ऐकून तू लिहितोस, बाकीचं छान, पण शेवटचं 'डावा हात' हे गाणं काढून टाक. बाबांचा फोटो हॉलच्या भिंतीवर आहे. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. आईला काय वाटत असेल. आणि गाणं ठेवायचंच असेल तर रेकॉर्डवर हॉलचं नाव नको. हे तू भाऊ म्हणून लिहितोस की हॉल-समितीचा अध्यक्ष म्हणून?

नाव काढते. गाणं नाही.

त्यात खोटं काय आहे? पीठ टाकायचं काम आईचंच. आपण लहान असताना एकदा तिचा उजवा हात फडक्यात बांधलेला होता, म्हणून डाव्याने टाकलं. सगळ्यांनी पाहिलं. दारात तिकिटं फाडणाऱ्या बाबांनीही. तो हात कुणी मोडला, हेही सगळ्यांना माहीत होतं. मग सगळे त्या पिठावर नाचले. तू अकॉर्डियन वाजवत होतास. तेव्हा तू पोरगा होतास, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. आता पोरगा नाहीस.

हो, या गाण्याला लोक थांबले. एकेक जोडपं कडेला गेलं. जुन्या गाण्यांमागे पावलं ऐकू येतात, इथे नाहीत. डेझमंड म्हणाला, "दुसऱ्या गाण्यातली पावलं आणून जोडू का?"

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. त्या हातावर लोक एकदा नाचलेत. पुरे झालं.

पत्राच्या शेवटी तू लिहितोस, "निदान शेवटी कुणी दारुडा एकटाच पाय घासतोय, तेवढं तरी काप."

दादा, तू दुसऱ्या कडव्यालाच उठून बाहेर गेलास.

आई खुर्चीतून उठली. बाबांनी तिला त्या जमिनीवर कधी नाचू दिलं नाही, हे मी तुला काय सांगायचं. तिने काठी मंचाला टेकवली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पाय घासत एकटीच फेरी घातली, सगळ्यांच्या समोरून. तिची फेरी पुरी होईपर्यंत ओटिस धून वाजवत राहिला.

खाली बसल्यावर मला म्हणाली, "पीठ कमी टाकलंय गं यांनी."

पहिली प्रत तुलाच पाठवीन. शेवटचं गाणं मोठ्याने लाव.

अध्यक्षांची नव्हे, तुझी,
व्लास्टा