उलटी तिरकी रेघ

४ सप्टेंबर २०१७, वरवट बकाल
आज रुजू झाले. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि सतत भरलेली चहाची किटली. कपाशीवर कोणतं औषध किती मारायचं, हे तज्ज्ञांच्या आवाजात एकवीस गावांतल्या मोबाइलवर पोचवायचं, हे आमचं काम. मला फार आवडलं. राहायला हिंमतराव आणि अन्नपूर्णाबाईंकडे खोली मिळाली. नाव समीना सांगितलं, तर बाईंनी भाकरी वाढतच विचारलं, ठेचा चालते का तुले.
चाचणीसाठी एक संदेश माझ्याच आवाजात भरला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले: दोन्ही औषधं एकत्र करा, पंपाला दहा झाकणं.

७ सप्टेंबर
आधीच्या माणसाने प्रत्येक फाइलचा पत्ता हातानेच लिहिलाय, दोन फोल्डरांच्या मध्ये उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, देऊन. ऑफिसातल्या विंडोजला ती कळते. मोबाइलला कळत नाही, तो अख्खा पत्ता एकाच फाइलचं नाव समजतो. पत्ता हाताने जोडायचाच नसतो, प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालतो त्यालाच जोडू द्यायचा. आमचे प्रमुख किसनराव म्हणाले, "इथं चालून राह्यलं ना, मॅडम? मंग फवारणीच्या दिवसात काऊन हात लावता?"
पत्ते तसेच ठेवले.

११ सप्टेंबर
आज सकाळी संदेश सुरू झाले. बीटी बियाणं असूनही बोंडात गुलाबी अळी, त्यामुळे संदेश ऐकून गाव लगेच रानात गेलंय. जेवताना बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुह्याच आवाजात सांगते तो मोबाइल. घरचं माणूस बोलल्यावानी वाटते."
ताट तसंच ठेवून ऑफिसकडे धावले.

दुपारी १
तज्ज्ञांची फाइल सापडत नाही, म्हणून मोबाइल जी सापडेल ती वाजवतो. माझी, चाचणीची, ती दहा झाकणांची. फोल्डरबाहेरच ठेवली होती, पुसायची राहिली.
पत्ता दुरुस्त केला. पण फोनमध्ये उतरलेला संदेश रेंज आल्याशिवाय बदलणार नाही, आणि रानात रेंज नाही. आम्ही एकेका गावाला फोन लावतोय. कोणी उचलत नाही—

३
हिंमतरावकाका बांधावर सापडले. पाठीवर पंप तसाच. घाम, लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शर्ट औषधाने निथळत होता. मीच ओढून काढला, छातीशी धरून त्यांना गाडीत घातलं. किसनराव आणि बाई त्यांना घेऊन शेगावच्या दवाखान्यात गेले.

४:३०
सतरा गावं झाली. एका घरी बाईने फोन उचलला. म्हणाली, मालक कवाचे झोपले, हलवलं तरी उठून नाही राह्यले.
लगेच दवाखान्यात न्या म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.

५
हात तीनदा धुतले. औषधाचा वास जात नाही. यादीतले आकडे अंधूक— दिवा लावायला उठले, तो लागलेलाच होता.

५:२०
तोंडाला पाणी सुटतंय. बोटं आपोआप उडतात. किसनरावांचा फोन बंद—
काका कसे आहेत कोणी सांगत—

उरलेली गावं लिहून ठेवते. वही ज्याला मिळेल त्याने आधी तिकडे फोन करा, मग माझं— टुनकी. सोनाळा. पातुर्डा. बावनबी