थोरलीच्या पैठणीची दुमड

प्रिय ताई,

सवतीला 'प्रिय' लिहिणारी बाई अख्ख्या कल्याणात दुसरी सापडायची नाही. पण तुझ्याशी भांडल्यावाचून मला आता अन्न गोड लागायचं नाही, म्हणून लिहित्ये. परवा तुझ्या गोदूचं लग्न. आणि आज सकाळी मी तुझी लग्नातली पैठणी कापली.

हो, कापली! रागावायचं तर रागाव. पण आधी ऐक.

अगंतुगं करत्ये म्हणून नाक मुरडू नकोस. तू विसाव्या वर्षी गेलीस, मला या चैत्रात विसावं लागलं. बाराव्या वर्षी मी डोंबिवलीहून या घरात आले, त्या दिवशीच सासूबाईंनी तुझ्या नावाचा, तुझी आकृती ठोकलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. तेव्हापासून घरात नवं येईल ते आधी तुला. लुगडं आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. पहिला आंबासुद्धा तुझा! मी कधी कुरकुर केली? केली असेल, पण मनातल्या मनात.

आणि ती पैठणी! पेटीत वेखंड घालून ठेवलेली. एकदा नुसता पदर बघायला गेले तर सासूबाई कडाडल्या, "थोरलीची आहे ती. हात लावायचा नाही." मला वाटायचं, केवढी ऐटबाज असेल ही बाई! उंच, भरल्या अंगाची. तुझ्यापुढे मी आपली जन्माची धाकटी.

आता गोदूने हट्ट धरला. अकरा वर्षांची पोर, तिला तुझा चेहरासुद्धा आठवत नाही. "धाकटी आई, मला दुसरं काही नको. वरातीला आईची पैठणी नेसव." नेसवून बघितली तर आत पोर सापडेचना! चार पावलं टाकली नि उंबऱ्याशी पालथी. म्हटलं, कापून हिच्या मापाची करू, लहान मुलींची चिरडी असते तशी, आणि उरेल त्याची चोळी. पण सासूबाई म्हणाल्या, "थोरलीला विचारल्यावाचून कात्री लागायची नाही."

मग तुला कौल लावला. टाक देव्हाऱ्यात उभा केला, दोन बाजूंना तुळशीची ओली पानं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आम्ही दोघी बसलो. आमटी करपली तरी बसलो. पानं आपली चिकटलेली! वाळली तरी पडेनात. अगं, आठ वर्षं गळ्यात वागवत्ये तुला, आणि एक पान पाडायला तुला होईना?

स्वारीला विचारावं, तर ती तुझ्या माहितीतलीच. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, "तुम्ही बायका बघा काय ते." मला अक्षरं शिकवली एवढे मात्र उपकार, नाहीतर हे पत्रही झालं नसतं.

त्यात ठाण्याहून, नौपाड्याच्या व्याह्यांचा निरोप. विहीणबाईंना काम झेपत नाही, तेव्हा लग्न लागलं की मुलगी राहायलाच पाठवा! सागरगोटे उशाशी घेऊन झोपणारी पोर ती, कुणाचा संसार ओढणार? स्वारी म्हणते, "बघू." सासूबाई म्हणतात, "रीतच आहे." आणि मी पडले सावत्र. 'नको' म्हटलं तर लोक म्हणणार, हिला पोर घरी राबवायला हवीय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

तो सगळा राग कात्रीत उतरला. सासूबाई देवळात गेलेल्या. आतल्या टोकाचं दोन हात कापड मी चर्रकन कापलं. मग रुंदी कमी करायला पैठणी उलटी केली आणि हात थांबला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुईची बारीक भोकं, दोन ओळी. कुणीतरी दुमड घालून टाके घातलेले, मागाहून उसवलेले. गोदूला हाक मारली. त्या भोकांवर दुमड धरून पैठणी तिच्या अंगाला लावली, तर घोट्याच्या चांगली पाच बोटं वर राहिली.

ताई, तू एवढीशी होतीस?

जिला मी आठ वर्षं भ्याले, ती ही पैठणी नेसली तेव्हा गोदूहूनही लहान! मी फतकल मारून बसले आणि मला रडूच आलं. गोदूला वाटलं, कापड फुकट गेलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. म्हटलं, आता सुटतो तोंडाचा पट्टा. पण त्या कापलेल्याकडे बघेनातच. भोकांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही दुमड मीच घातलेली. नऊ वर्षांची होती. वरातीतून उतरली नि याच उंबऱ्यावर पाय अडकून पडली. तांदळाचं माप सगळं सांडलं. चारचौघांत थापट मारली मी तिला. दुसऱ्या दिवशी पूजेला नेसवायची म्हणून मग टाके घातले." पदर डोळ्यांना लावला. "लहान होती गं ती."

मी विचारलं, "मग हिला लगेच पाठवायची?"

त्या उठून देव्हाऱ्याशी गेल्या. टाकावरची ती दोन वाळकी पानं स्वतःच्या हाताने काढून टाकली.

माझा राग अजून गेलेला नाही हो! तू गेलीस, सुटलीस. सगळ्यांशी भांडायला मी उरले. रुंदी मात्र मी कापली नाही. तुझ्यापेक्षा लहान दुमड घातली, गोदूच्या मापाची, सैल टाक्यांची. कापल्या तुकड्याची चोळी बेतली. नौपाड्याच्या उंबऱ्यावर तुझी लेक पडायची नाही.

आणि चार दिवसांनी मी तिला परत आणणार. तुझ्या टाकाची शपथ, ही दुमड पुरती उसवून पैठणी तिच्या घोट्याला टेकेपर्यंत पोर नांदायला जायची नाही. स्वारीला मी सांगेन, व्याह्यांनाही सांगेन. नाहीच ऐकलं तर तुझं नाव पुढे करीन. आठ वर्षं सगळं आधी तुला दिलं, आता एवढं तू मला दे.

तुझ्याच वयाची,
धाकटी