आमच्या अमळनेरात एकोणीस बहर

अमळनेर, मंगळवार

तीर्थस्वरूप लीलाधरभाऊंच्या पायांवर कोकिळेचं डोकं टेकून नमस्कार.

इकडे मी रक्तदाब सोडून बाकी सगळी खुशाल आहे. तुमची साखर किती आली? कामिनीवहिनींचा गुडघा कसा आहे? केळीचे घड कापून झाले का? (पहूरच्या उन्हात घडांना जपता तसं स्वतःलाही जपा, हे मी निवृत्त आरोग्यसेविका म्हणून सांगते आहे; बहीण म्हणून सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलंय?) आता मुख्य बातमी. भाऊ, खुर्चीत असाल तर बसूनच राहा. आमच्या केंद्राच्या लसीकरणाच्या रजिस्टरात या वर्षी ‘बहर’ नावाची एकोणीस बाळं नोंदली गेली. एकोणीस! अकरा मुलगे, आठ मुली. मी जिंकले.

तुम्हाला आठवत नसेल (तुम्हाला सगळं आठवतं, पण न आठवल्याचा चेहरा छान जमतो) म्हणून सांगते. तीस वर्षांपूर्वी तुमच्या थोरलीच्या बारशाला सगळ्यांनी मिळून भाग्यश्री हे नाव ठरवलं होतं, आणि मी, तिची सख्खी आत्या, पाळण्यात वाकून तिच्या कानात ‘बहर’ म्हणाले. जेवणाची पंगत उठली तरी कोणी माझ्याशी बोलेना. आपली आई धुरपदाबाई तेवढी म्हणाली, “माय वं, हे नाव हाये का बियान्याची थैली?” पण पुढे तिनेच निकाल दिला की आत्याने कानात सांगितलं ते सांगितलं, आता पोरीच्या कानात दुसरं नाव घालायचं नाही. तुम्ही आईपुढे गप्प बसलात, आणि तीन वर्षांनी हितेंद्रच्या बारशाला धाकट्या सुलक्षणाला जळगावहून आत्या म्हणून बोलावलंत. माझी पत्रिका बारशाच्या दुसऱ्या दिवशी पोचली, तीही पोस्टाने. (एसटीच्या कंडक्टरकडे दिली असतीत तर त्याच दिवशी मिळाली असती.) मी तेव्हा काही बोलले नाही. रडले, पण बोलले नाही.

नावाने पोरीला त्रास दिला हे मला कबूल आहे. मास्तरांनी पहिलीत तिला मुलांच्या यादीत घातलं, आणि चौथीपर्यंत ती कबड्डीत मुलांच्या संघाकडून खेळली (जिंकलीसुद्धा, ते तुम्ही कोणाला सांगत नाही). मग समाजाच्या वधू-वर सूचीचा तो प्रकार. बहर लीलाधर पाटील, बी.एस्सी., वरणगावला फॅक्टरीत नोकरी, अशी आपली पोरगी छापली गेली ती ‘वर’ विभागात, आणि फोटो छापायचा राहिला. धुळ्याहून पाच माणसं त्यांच्या मुलीसाठी स्थळ बघायला आली. पोहे घेऊन जी बाहेर आली तिलाच त्यांनी विचारलं, मुलगा कुठे आहे? ती म्हणाली, मीच. तुमचं तोंड म्हणे कच्च्या केळ्यासारखं झालं होतं. पण त्या पाचांत त्या मुलीचा थोरला भाऊ योगराज होता, तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि बहरनेच पाणी आणून दिलं. चार महिन्यांनी लग्न. आज ज्या जावयाचं कौतुक सांगताना तुमचा चहा गार होतो, तो जावई माझ्या नावाने आणलेला आहे. ‘वधू’ विभागात त्या वर्षी पंधरा भाग्यश्री होत्या, मी मोजल्या. सोळावीला धुळ्याहून कोण बघायला आलं असतं?

आता रजिस्टर. पहिली नऊ वर्षं आपली बहर अख्ख्या खानदेशात एकटीच (निदान माझ्या ऐकण्यात तरी). २००४ साली एका बाईने बाळाचं नाव बहर सांगितलं, तेव्हा सुईच्या आधी बाळाऐवजी मीच रडले. २०११ला पहिला मुलगा आला, २०१६ला चार बाळं. मी निवृत्त झाले तरी नवी नर्स मयुरी दर बुधवारी लसीकरण आटोपलं की मला फोन करून आकडा कळवते. शेजारच्या अंगणवाडीत बाईंना आता ‘मोठी बहर’, ‘छोटा बहर’ आणि ‘चावणारा बहर’ अशी हजेरी घ्यावी लागते. कापडवाले कांतीलालशेठ आहेत ना, त्यांच्या नातीचं नावही बहर, आणि ते गिऱ्हाइकांना सांगतात की हे त्यांच्या राजस्थानातलं जुनं नाव आहे! मी दुकानात उभी राहून अर्धा तास भांडले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं मान्य केलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला परत राजस्थान सांगितलं. मी चिडले नाही. नाव चांगलं असलं की त्यावर हक्क सांगणारे निघायचेच.

तर भाऊ, तीस वर्षांत या नावावरून तुम्ही मला जे जे बोललात आणि जे न बोलता दाखवलंत, ते सगळं एकोणीस बाळांनी खोडून काढलं आहे. वहिनींना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा.

तुमची मधली, आणि सध्या फार खुशीत असलेली बहीण,
कोकिळा

ता. क. हे नाव मी महिनाभर विचार करून काढलं, असं तीस वर्षं सांगत आले. खोटं आहे. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगून झालं, की मग आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. तुमच्याकडच्या बायकांनी नाव सांगायच्या आधीच घातले, आणि भाग्यश्री माझ्या डोक्यातून साफ गेली. समोर भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर छापलं होतं, ‘मृग बहर : खताची मात्रा’. त्यातला बरा शब्द उचलला, एवढं तरी मानाल?

ता. क. दुसरा. हितेंद्रच्या मुलीचं बारसं रविवारी आहे हे मला बहरकडून कळलं. पत्रिका आलेली नाही. आता आत्या तीच, तेव्हा कानात सांगायचा मान तिचा. तिने फोनवर विचारलं, काय नाव ठेवू? भाऊ, मी म्हणाले, वडिलांना विचार. (मी!) तुम्ही म्हणाल ते ठेवा, भाग्यश्रीसुद्धा चालेल. पण मला बोलवा. तुमच्या घरच्या पाळण्याला हात लावून तीस वर्षं झाली.

ता. क. शेवटचा. मी काही मध्ये बोलणार नाही. फक्त बहरच्या पाठीशी उभी राहीन आणि तिचं नाव सांगून होईपर्यंत बायकांचे हात अडवून धरीन. माझ्या पाठीशी त्या दिवशी कोणी नव्हतं.