बाईंचा बंदोबस्त

५ जुलै
आजपासून रोज लिहिणार. कारण एकच: सूड.
मीटिंगमध्ये नववीच्या नव्या तासाची माझी योजना मांडली. कुठलीही अडचण पाच पायऱ्यांत सोडवायची. अडचण नीट मांडा, संबंधितांशी बोला, उपाय सुचवा, एक निवडा, करून बघा. ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसून शिकून आलोय. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "जिना छान आहे सर, पण वर खोली आहे का?" हेडसर चहा सांडेपर्यंत हसले.
बघून घेईन.

९ जुलै
मधले दिवस विचारात गेले. बायको म्हणते, सोडून द्या. सोडणारा मी नव्हे.
प्लॅन पक्का. मुलांना अडचण द्यायची: शेजारच्या चित्रकलेच्या खोलीमुळे गोंगाट होतो, काय करावं? उपाय एकच निघतो. बाईंना खाली, अडगळीच्या खोलीशेजारी हलवा. अर्ज मुलांचा, सह्या मुलांच्या. मी नामानिराळा.

१२ जुलै
तासाला पहिल्यांदाच कुणी झोपलं नाही. मॉनिटर मुलीने विचारलं, संबंधितांशी म्हणजे बाईंशीपण बोलायचं का? म्हटलं, अर्थात! पायरी गाळली असती तर संशय आला असता.

१५ जुलै
मुलं बाईंशी बोलली, शिपाईमामांशी बोलली. बाईंनी त्यांना तक्त्यासाठी रंगीत कागद दिले. उघड लाच.

१८ जुलै
घात झाला. मुलांच्या मते गोंगाट आमच्याच वर्गातून तिकडे जातो. त्याचं कारणही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "सरांच्या तासाला कंटाळून आम्ही बाकं वाजवतो." उपाय: आठवडाभर हा तास बाईंनी त्यांच्या खोलीत घ्यावा.
भडकून म्हटलं, करा! सपशेल आपटतील. बाईही.

२६ जुलै
कुणीच आपटलं नाही. हेडसरांनी पाठ थोपटली. म्हणाले, काय जबरदस्त पद्धत आहे हो तुमची! तास कायमचा बाईंकडे.
म्हणजे ती सगळी कार्टी आता बाईंच्या डोक्यावर. सूड पूर्ण. बायकोला सांगितलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली. भारावली असावी.

३० जुलै
तास मोकळा. शेजारी हसण्याचा एवढा दंगा की पेपर तपासता येईनात. झापायलाच गेलो. म्हटलं, आवाज होतोय. बाई म्हणाल्या, "मग आत या ना सर, मागे जागा आहे." मुलं सरकली. बाकात गुडघे मावेनात.
मॉनिटरने कोरा कागद पुढे केला. म्हणाली, "सर, आधी तुमची अडचण लिहा."
घंटा झाली तरी कागद कोराच.