घागरवाली बाई

नागपूर,
११ सप्टेंबर २०२४

कृष्णकांत,

तू शाळेची गाडी आणि शिपाई पाठवून मुग्धाला परत मागवलंस, माझा फोन मात्र उचलत नाहीस, म्हणून लिहावं लागतं आहे. मोठी बहीण आहे, तेव्हा आशीर्वाद. चंपतराव दारात बसले आहेत. त्यांना चहा दिला आहे. पत्र पुरं झाल्याशिवाय गाडी हलणार नाही, हेही सांगितलं आहे.

तुझी मुलगी ठीक आहे. जेवते, झोपते, संध्याकाळी माझ्याबरोबर सीताबर्डीपर्यंत पायी येते.

आता मूळ गोष्ट. तुझ्या शाळेचा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचा निकाल उत्तम लागतो, हे फाटकावरच्या फ्लेक्सवर वाचत आले. कसा लागतो, ते मुग्धाकडून कळलं. तुमचे सुमंत सर स्मरणचित्रासाठी सगळ्या वर्गाकडून तीन माणसं घोटून घेतात. डोक्यावर घागर घेतलेली बाई, पिशवीवाला टोपीवाला आणि एक पाठमोरी मुलगी. विषय बाजार असो की रेल्वे स्टेशन, हीच तिघं उभी करायची, मागचा देखावा तेवढा बदलायचा. सराव परीक्षेत विषय आला 'शाळेतील प्रार्थना'. तुझ्या आठवीच्या वर्गाने प्रार्थनेच्या मैदानात घागरवाली बाई आणून उभी केली. ही इथे कशाला आली, असं एकाही शिक्षकाने विचारलं नाही. सगळ्यांना चांगले मार्क मिळाले.

मुग्धाने पाहिलेलं काढलं. जांभई देणारा मुलगा, पुढचीच्या वेणीची रिबन ओढणारी मुलगी, आणि बाकीच्यांचे डोळे मिटलेले असताना स्टेजवर मोबाइल बघणारे मुख्याध्यापक. ते चित्र तुला चुकलेलं वाटलं असतं, तर तू सुमंत सरांवर सोडून मोकळा झाला असतास. ते बरोबर होतं, म्हणून तुला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तू तिला त्याच स्टेजवर उभं केलंस. 'मी शाळेचा निकाल बिघडवणार होते' असं माईकवर म्हणायला लावलंस. फळा आणवलास आणि त्यावर घागरवाली काढून घेतलीस. मुलं हसली, तू हसू दिलंस. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तुझ्या गाडीत न बसता ऑटोने माझ्याकडे आली. बाप आणि मुख्याध्यापक एकच असल्यावर तिने तक्रार कोणाकडे करायची होती?

मिनलशी माझं बोलणं झालं आहे. तुझ्या बायकोचं म्हणणं तू तिलाच विचार. विचारण्याची सवय नसेल तर लावून घे.

चंपतराव मधूनच म्हणतात, "काहून एवढं लिहून राहिल्या बाई? पोरीले बसवा न गाडीत. साहेब मले बोलतीन."

"बोलू द्या. मला बोलायची त्यांची हिंमत नाही, म्हणून तुम्हाला बोलतात."

"तुमचा राग अन् साहेबाचा राग एकाच घरचा दिसून राहिला," म्हणाले, आणि कप विसळायला उठले.

वर ठीक आहे असं लिहिलं. ते खोडत नाही, पण पुरं सांगते. मी तिला कागद आणि रंग आणून दिले. म्हटलं, गॅलरीत बस आणि खालचा चौक काढ, तुला हवा तसा. बराच वेळ बसली. आणून दाखवलं तर मेट्रोच्या खांबाखाली घागरवाली बाई, शेजारी टोपीवाला, पुढे पाठमोरी मुलगी. रेघ सुरेख, एकही खोडलेली नाही.

"ही बाई तुला खाली कुठे दिसली गं?"

"दिसली नाही, आत्या. पण हिला मार्क मिळतात."

पोर रडत असती तर मी समजूत घातली असती. ती रडत नव्हती. मला समजावून सांगत होती.

आज तुझ्या गाडीचा हॉर्न ऐकला आणि मी काही बोलायच्या आत ती युनिफॉर्म घालून, टाय लावून पलंगाच्या काठावर येऊन बसली. "बाबा रागावतील," एवढंच म्हणाली. तुझी शाळा तिच्यावर पुरी झाली, कृष्णकांत. फ्लेक्सवर हिचाही फोटो लाव.

तो युनिफॉर्म मी तिला बदलायला लावला. तिची इच्छा नव्हती. हेही तू माझ्याकडूनच ऐक. या घरात तिच्यावर झालेली ही पहिली सक्ती, आणि ती मी केली. उद्या दुसऱ्या शाळेत चौकशीला जाते आहे. तुला यायचं असेल तर मुख्याध्यापक घरी ठेवून ये.

चंपतराव यांच्या हाती दिलं: शर्ट, स्कर्ट, टाय, बेल्ट, ओळखपत्र, पांढरे बूट मोज्यांसकट. त्यांनी पाहून घेतलं.

मुग्धा दिलेली नाही.

प्रेमलता