सतराबाईंचा पाय

४ जून
नवीन प्रयोग सुरू. आठ मेंढ्यांना भूल देऊन पायाच्या हाडात फट पाडली, त्यात आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमचा नवा लेप भरला. चालला, तर माणसांची न जुळणारी हाडं जुळतील. देखभाल माझ्याकडे. ठरवलंय, या वेळी कुणाला नाव द्यायचं नाही. नुसते नंबर, अकरा ते अठरा.

५ जून
सतरा नंबर खात नाही. हाताने भरवलं, खाल्लं. याला जीव लावणं म्हणत नाहीत, ड्यूटी म्हणतात.

११ जून
'सतराबाई' म्हणतो. हे नाव नव्हे. नंबरला दिलेला मान.

२ जुलै
एक्स-रे. बाकीच्या सात जेमतेम. सतराबाईंची फट भरत आली! मॅडम म्हणाल्या, वा! म्हणजे ही वाचली. बारा आठवड्यांनी सगळ्यांना कायमचं झोपवायचं, असा नियम आहे खरा. पण इतकी हुशार मेंढी कोण मारतं?
प्लॅन: पाय ठणठणीत करायचा, मग मॅडमशी बोलायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी रोज दहा मिनिटं चालवायला परवानगी दिली.

१९ जुलै
लंगडणं गेलं. हाक मारली की येते. बायको म्हणाली, मॅडमशी बोललात का? म्हटलं, योग्य वेळ बघतोय. ती हसली. उगीच.

६ ऑगस्ट, सकाळी ९
आज नक्की.
९.४० मॅडम मीटिंगमध्ये.
दुपारी २. मॅडम मोकळ्या. गेलो. गोठ्यातल्या बादल्यांबद्दल बोललो. चार नवीन बादल्या मंजूर.

२० ऑगस्ट
बोललो! म्हटलं, सतरा सगळ्यांत चांगली आहे, तिला सोडा, मेव्हण्याकडे जागा आहे. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अहो, चांगली म्हणूनच तर तिचं हाड पहिलं बघायचंय. आतून जुळलंय का, ते कापल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही प्रयोगाच्या फॉर्मवर सही केलीत ना?"
केली होती. वाचून.

२७ ऑगस्ट
बारा आठवडे भरले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा. थांबलो. पण सतराबाई त्यांना दाद देईनात. दोरी ओढली, पाय रोवून उभ्या. शेवटी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, तुम्हीच हाक मारा.
मारली.
आल्या. चाल सरळ, एकदम मस्त. डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. डॉक्टरांचा हात हलका आहे.

३० ऑगस्ट
रिपोर्ट आला. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. घरी बायकोने विचारलं, काय झालं हो? म्हटलं, हाड छान जुळलं होतं. आतूनसुद्धा.