चाक एकाच हाताचे

मी, शिवकन्या वैजनाथ तोडकरी, वय २९, अविवाहित, धंदा चाके बनविणे, राहणार धाराशिव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र तितकी खात्री देता येत नाही. लहानपणीच्या तापाने त्याची एक झडप निकामी केली असून येत्या सोमवारी सोलापुरात तिची शस्त्रक्रिया आहे. भीतीपेक्षा थकवा जास्त आहे, आणि थकलेल्या माणसाने निरवानिरव उद्यावर टाकू नये.

१. माझे वडील वैजनाथ, ज्यांना मी अप्पा म्हणत असे, आणि आई जगदेवी हयात नाहीत. मला भावंड नाही. मी काही न लिहिता गेले, तर अप्पांकडून मला आलेली मिळकत कायद्याने त्यांचे धाकटे भाऊ विरुपाक्ष काका यांच्याकडे जाईल, असे वकिलांनी सांगितले. काकांचे लोहाऱ्यात प्लास्टिकच्या पाइपांचे दुकान आहे आणि आमच्या कारखान्याची शेड त्यांना गोदामासाठी हवी आहे. हे ते लपवीत नाहीत. माझ्या तोंडावरच म्हणाले, "चाकं आता लुधियान्याहून ढिगानं येत्यात, पोरी. तुझी कोण घेतंय?" त्यांचे म्हणणे चूक आहे असे मला सिद्ध करता येत नाही. तरीही ती शेड गोदाम होऊ नये, अशी माझी इच्छा आहे. हा कागद त्यासाठीच आहे.

२. मिळकतीचे वर्णन करताना ती कशी उभी राहिली हे सांगणे भाग आहे. अप्पा लोहाऱ्यात बसथांब्यासमोर सायकली दुरुस्त करीत. भूकंपाच्या साली ढिगारे उपसायला हातगाड्या कमी पडल्या, तेव्हा त्यांनी जुन्या रिमा ठोकून, नव्या तारा भरून चाके करून दिली. पुढे लोक आणखी मागायला आले. त्यातून धाराशिवच्या औद्योगिक वसाहतीत 'तोडकरी सायकल व्हील्स' हा कारखाना निघाला. लोखंडी पट्टी वाकवून रिम करणे, तिला निकेलची चकाकी देणे, तारा भरणे, सगळे एका छपराखाली. शाळकरी मुलींच्या सायकलींना कित्येक वर्षे आमची चाके होती. मी ज्या सायकलीने शाळेत गेले, तिलाही होती.

तारा भरायला अप्पांनी घोंगडी विणणाऱ्या घरांतल्या बायका आणल्या. सर्वांत आधी आल्या हरणाबाई देवकते. रीत त्यांनीच पाडली. जी बाई चाकात तारा भरेल, तिनेच ते फिरवून त्याचा आऊट काढायचा, म्हणजे त्याचे डोलणे घालवायचे, आणि चाकाच्या मध्यावरच्या हबला आपल्या रंगाचा लोकरीचा धागा बांधायचा. चाक बिघडून परत आले, तर ते तिच्याच पुढ्यात येते. दुसरा हात त्याला लागत नाही. काम वाटून दिले तर माल दुप्पट निघेल, असे व्यापारी वारंवार सांगत. अप्पा मान डोलावत आणि वाटून देत नसत.

३. आता एक जुना हिशेब. २०१६ च्या टंचाईत कारखान्यासाठी टँकर येत असे, कारण निकेलच्या हौदातून काढलेली रिम स्वच्छ पाण्याने धुवावी लागते. अप्पांनी तो टँकर पिण्यासाठी बायकांच्या वस्तीत आणि आमच्या गल्लीत वळवला आणि रिमा त्याच त्या वापरलेल्या पाण्यात बुचकळल्या. काही आठवड्यांतच निकेलचे पापुद्रे सुटले. सगळा माल परत आला, आणि प्रत्येक चाकाला धागा असल्याने तो रीतीप्रमाणे बायकांपुढे पडला. हरणाबाई म्हणाल्या, "मालक, माझ्या हाताचं हाय. पगारातून कापून घ्या." अप्पांनी चाकू काढला आणि एकेका चाकाचा धागा स्वतः कापला. "हात तुमचा चांगलाय, बाई. पाणी माझं वाईट हुतं." व्यापाऱ्याला त्यांनी कारण कळवले नाही. मोठी मागणी कायमची गेली आणि हौद बंद झाला.

तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात काका चारचौघांत म्हणत आले आहेत, "आमच्या दादानं गावाला पाणी पाजलं आन कारखाना बुडीवला." हे विधान अपुरे आहे. काका त्या वर्षी आमच्याच गल्लीत राहत होते. टँकरची नळी त्यांच्याही रांजणात सोडली जात असे.

४. आज कारखान्यात अपंगांच्या तीनचाकी सायकलींची आणि हातगाड्यांची रंगवलेली चाके होतात. बेताचे चालते. व्यापाऱ्यांशी फोनवर बोलणे मला जमत नाही, म्हणून मी पत्रे लिहिते. दहावीला जिल्ह्यात पहिली आले तेव्हाही आभाराचे भाषण मी लिहिले आणि माझी मैत्रीण दीपाली हिने वाचले. अशा मालकिणीच्या हाताखाली बायका टिकल्या, हा त्यांचा समंजसपणा.

शेडच्या भाडेपट्ट्याचा हक्क, यंत्रे व कारखान्याचे नाव हे सर्व मी हरणाबाई देवकते व त्यांच्याबरोबर तारा भरणाऱ्या धुरपदाबाई सगर यांना समान हिश्श्याने देते. वर सांगितलेली रीत त्यांनी चालवावी. मात्र कामच मिळेनासे झाले तर शेडचा हक्क खुशाल विकावा. रीतीसाठी कोणी उपाशी राहू नये.

हे ऐकून हरणाबाई रागावल्या. "मला मालकीण करून तू मोकळी व्हणार व्हय? लई शानी हायस. सोमवारी जा, मंगळवारी डोळं उघड, बुधवारी म्या भाकरी घिऊन येते." धुरपदाबाई म्हणाल्या, "तिथं भाकरी देत न्हायत, पेज देत्यात." यावर त्यांचे बराच वेळ भांडण झाले. देणगी दोघींपैकी कोणीही नाकारलेली नाही, अशी मी नोंद करते.

५. माझी पुस्तके तेर गावच्या वाचनालयास द्यावीत. शब्दकोश दीपालीकडे आहे, तो तिच्याकडेच राहू द्यावा; मागून मागून मी दमले आहे. आईची बोरमाळ धुरपदाबाईंच्या मुलीला द्यावी. लग्नासाठी मला पाहायला आलेल्या आणि "झडपेचं बाहेर बोलू नका" असे बजावून गेलेल्या पाहुण्यांना माझ्या निधनाची बातमीही कळवू नये.

६. अंत्यविधी आमच्या लिंगायत रीतीने, अप्पांच्या शेजारी पुरून व्हावा. जेवणावळ घालू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीपालीने करावी. ती साक्षीदारही आहे.

७. दुसरे साक्षीदार म्हणून मी मुद्दाम विरुपाक्ष काकांना बोलावले. त्यांना मी काहीच ठेवलेले नाही. ज्याचा हक्क डावलला, त्याचीच सही असली तर पुढे वाद उरत नाही, असा माझा विचार होता. आज दुपारी त्यांनी इथपर्यंतचा मजकूर चष्मा पुसून पुसून वाचला.

"मला कायबी न देणाऱ्या कागदावर मीच सही करू?"

"होय, काका."

"म्हंजे उद्या कोर्टात गेलो तर जज म्हणंल, ही सही कुणाची."

"त्यासाठीच तुम्हाला बोलावलं."

"वकील व्हायचं सोडून चाकं कशाला करत बसलीस गं?" ते म्हणाले. मग तिसऱ्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "हे रांजणाचं खोड."

मी खोडणार नाही म्हणाले. एवढ्याने मला धाप लागली. दीपालीने पाणी आणायला उठावे तोवर काकाच उठले, मला भिंतीला टेकवून बसवले आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पर सहीखाली माझं बी लिहिणार." मी परवानगी दिली. ते जे लिहितील ते या कागदाचा भाग समजावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

स्थळ : धाराशिव
दिनांक : ६ मार्च २०२५

(सही) शिवकन्या वैजनाथ तोडकरी

आमच्यासमोर तिने सही केली. आम्ही तिच्यासमोर केली.

साक्षीदार १ : (सही) दीपाली गुरुप्रसाद जोशी, शिक्षिका, धाराशिव

साक्षीदार २ : (सही) विरुपाक्ष तोडकरी, लोहारा
समदं वाचलं. शेडवर माझा हक्क सांगणार न्हाय. पोरगी बरी होऊन आली तर हा कागद फाडावा आन आमचं भांडण फुडं चालू ठिवावं.